मेफ्लॉवरची माणसं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या वेळी या सदरात, 1620 मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेला घेऊन गेलेल्या मेफ्लॉवर जहाजाचा ओझरता उल्लेख झाला आणि प्रश्नांची रीघ लागली. त्यातले पाच निवडून घेतले आहेत.

प्रश्न : पिलग्रिम आणि प्युरिटन ही एकाच मंडळींची दोन नावं आहेत का? न्यू जर्सीत शाळेच्या कार्यक्रमात माझ्या नातीला काळा झगा आणि बकल लावलेली उंच टोपी घालून पिलग्रिम केलं होतं. (पुणे)

एकाच भावकीतली दोन घरं म्हणा. भांडण दोघांचंही इंग्लंडच्या सरकारी चर्चशी होतं. पोपशी फारकत घेतल्यावरही त्या चर्चने बिशप, पाद्र्यांचे झगे आणि छापील प्रार्थना ठेवल्या होत्या. प्युरिटनांना चर्चमध्ये राहूनच हे सगळं साफ करायचं होतं. पिलग्रिमांचं म्हणणं, घरच सडलंय, बाहेर पडा. असं बाहेर पडणं बेकायदेशीर होतं. नॉटिंगहॅमशायरमधल्या स्क्रूबी गावची त्यांची मंडळी 1608 च्या सुमारास लपतछपत हॉलंडला गेली, लायडनमध्ये दहा-अकरा वर्षं राहिली आणि 1620 मध्ये त्यांच्यातले काही जण मेफ्लॉवरवरून अमेरिकेला निघाले. जहाजावर 102 प्रवासी होते आणि ते सगळे काही या पंथाचे नव्हते. भांडवल घालणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांनी आपली माणसंही पाठवली होती.

प्युरिटन आले दहा वर्षांनी, 1630 मध्ये, जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली. हातात राजाची सनद, गाठीला पैसा. त्यांनी बॉस्टन वसवलं आणि पुढच्या दहा वर्षांत वीसेक हजार माणसं त्यांच्या मागोमाग आली. पिलग्रिमांची प्लिमथ वसाहत शेवटपर्यंत लहानच राहिली आणि 1691 मध्ये प्युरिटनांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत विरून गेली. म्हणजे वारसा म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं प्युरिटनांचं, पण गोष्ट मात्र पिलग्रिमांची लोकप्रिय झाली. ती सांगायला जास्त गोड आहे.

बकलवाली टोपी ही एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची कृपा. पिलग्रिमांचे पुढारी विल्यम ब्रूस्टर यांच्या मृत्यूनंतर चीजवस्तूंची जी यादी झाली तिच्यात जांभळा कोट आहे, गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या यादीत लाल वेस्टकोट. पुढच्या वर्षी नातीला बिनधास्त रंगीत कपडे घाला.

प्रश्न : स्वतः छळाला कंटाळून पळालेल्या लोकांनी तिकडे जाऊन इतरांचा छळ कसा केला? हा ढोंगीपणा नाही का? (सांगली)

ढोंगीपणा म्हणता आला असता, जर त्यांनी सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य देण्याचं वचन दिलं असतं. असं वचन त्यांनी कधीच दिलं नव्हतं. आपला धर्म खरा, तो खऱ्या पद्धतीने पाळायला मोकळी जागा हवी, एवढीच त्यांची मागणी. चुकीच्या मतालाही जागा द्यावी ही कल्पना विन्थ्रॉपला पाप वाटली असती. पिलग्रिमांना तर लायडनमध्ये पूजापाठाची पूर्ण मोकळीक होती. तरी ते निघाले, कारण मजुरी करून कंबरडं मोडत होतं, स्पेनशी पुन्हा युद्ध पेटेल अशी भीती होती आणि मुलं डच व्हायला लागली होती. हे शेवटचं कारण परदेशी स्थायिक झालेल्या मराठी आईबापांना समजावून सांगायला नको.

बॉस्टनमध्ये 1631 पासून मतदानाचा हक्क फक्त चर्चचं सभासदत्व मिळवलेल्या पुरुषांना होता. त्याच वर्षी रॉजर विल्यम्स नावाचा तरुण पाद्री तिथे उतरला आणि म्हणू लागला की सरकारला माणसाच्या सदसद्विवेकावर हुकूम चालवण्याचा अधिकार नाही, आणि इंग्लंडच्या राजाला इथल्या लोकांची जमीन परस्पर वाटून टाकण्याचाही नाही. 1635 मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. भर हिवाळ्यात तो पळाला, स्थानिक लोकांच्या आसऱ्याने जगला, नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन घेऊन त्याने प्रॉव्हिडन्स गाव वसवलं. तेच आजच्या ऱ्होड आयलंड राज्याचं बीज. हा माणूस मवाळ नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाद्री न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मतं त्याला इतकी असह्य होती की सत्तरीच्या आसपास त्याने त्यांच्याशी जाहीर वाद घातला आणि त्यांच्यावर जहरी पुस्तक लिहिलं. पण त्यांच्यापैकी कोणाला तुरुंगात टाकावं असं तो म्हणाला नाही. ऱ्होड आयलंडमध्ये क्वेकर आले, ज्यूही आले.

बॉस्टनने त्याच क्वेकरांसाठी फाशीचा कायदा केला. मेरी डायर या क्वेकर बाईचं प्रकरण वाचताना आजही अंगावर काटा येतो. ऑक्टोबर 1659 मध्ये तिला दोन सोबत्यांबरोबर फाशीच्या जागी नेलं. तिच्या डोळ्यांदेखत दोघांना लटकवलं, तिच्या गळ्यात दोर अडकवला आणि मग माफी वाचून दाखवली. हे सगळं आधीच ठरलेलं होतं, तिला घाबरवून हाकलायचं म्हणून. ती गेली आणि पुढच्या मे महिन्यात परत आली. 1 जून 1660 ला तिला फाशी दिली. अशा एकूण चार फाशी झाल्या. शेवटी थांबवलं कोणी? ज्या राजसत्तेपासून ही मंडळी लांब आली होती तिनेच. 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सचं फर्मान आलं आणि ते बॉस्टनला घेऊन गेला सॅम्युएल शॅटक, मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केलेला एक क्वेकर. गव्हर्नरच्या हातात तो कागद देताना त्याला काय वाटलं असेल!

म्हणून अमेरिकन धर्मस्वातंत्र्याचं श्रेय मी मेफ्लॉवरला देत नाही. ते ज्यांना हाकललं त्यांचं. 1791 मध्ये धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी संविधानाची पहिली दुरुस्ती झाली, पण ती केंद्र सरकारपुरती. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर 1833 पर्यंत चालू होता.

प्रश्न : थँक्सगिव्हिंगची गोष्ट खरी किती? (एडिसन, न्यू जर्सी)

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला आभाराचा सण, आणि त्याची गोष्ट अशी की पहिलं पीक आल्यावर पिलग्रिम आणि मूळ रहिवासी एकत्र जेवले. जेवण झालं, हे खरं. एडवर्ड विन्स्लो या पिलग्रिमाच्या डिसेंबर 1621 च्या पत्रात त्याचं वर्णन आहे, तेही जेमतेम काही ओळींचं. पीक आलं, चार जणांनी पक्षी मारून आणले, वांपनोआग या स्थानिक जमातीचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस खाणंपिणं चाललं. आदल्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी मेले होते. पन्नासएक यजमान आणि नव्वद पाहुणे! प्रौढ बायका फक्त चार उरल्या होत्या. तीन दिवसांचा तो स्वयंपाक कोणी ओढला असेल, याबद्दल विन्स्लो चकार शब्द काढत नाही.

गोष्टीत गाळलं जातं ते आधीचं आणि नंतरचं. प्लिमथ जिथे उभं राहिलं ते मुळात पाटुक्सेट नावाचं गाव. 1616 ते 1619 या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते रिकामं झालं होतं. तिथला टिस्क्वांटम, ज्याला मुलं स्क्वांटो म्हणून ओळखतात, वाचला कारण तो गावात नव्हता. 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं होतं. तिथून सुटून, लंडनमार्गे तो 1619 मध्ये घरी पोचला तेव्हा गावात कोणी नव्हतं. इंग्रजांना मका लावायला शिकवणाऱ्या या माणसाला त्यांची भाषा येत होती ती अशी. आणि मॅसासॉइटची मैत्री निव्वळ भाबडी नव्हती. साथीने त्याची माणसं गेली होती, शेजारचे नॅरागॅन्सेट मात्र शाबूत होते. त्याला बंदुकवाले मित्र हवे होते.

पुढे 1675 मध्ये त्याच मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढायला उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मारला गेला. त्याचं डोकं प्लिमथमध्ये खांबावर वीस वर्षांहून जास्त काळ टांगलेलं होतं. त्याच्या लहान मुलाला मारावं की विकावं, यावर पाद्र्यांनी बायबलचे दाखले काढून खल केला. अखेर त्याला गुलाम म्हणून परमुलखात विकलं. 

सणाचा या जेवणाशी संबंध लावला गेला तो 1841 मध्ये, एका संपादकाने विन्स्लोच्या पत्राला तळटीप जोडली तेव्हा. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या 1863 च्या थँक्सगिव्हिंगच्या जाहीरनाम्यात पिलग्रिमांचं नावही नाही. 1970 पासून काही मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात.

एक गंमत मात्र सांगायला हवी. प्युरिटन पाद्री जॉन एलियटने धर्मांतरासाठी 1663 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बायबल छापलं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं संपूर्ण बायबल. पुढे ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. 1993 पासून जेसी लिटल डो बेर्ड या वांपनोआग बाईंनी ती पुन्हा उभी करायला घेतली आणि त्यांचा एक मोठा आधार म्हणजे तेच बायबल.

प्रश्न : सेलममध्ये चेटकिणी म्हणून किती बायका जाळल्या? (जळगाव)

एकही नाही. इंग्रजी कायद्यात चेटुकाची शिक्षा फाशी होती. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या प्युरिटन वस्तीत 1692 मध्ये 19 जणांना फाशी झाली, त्यात पाच पुरुष. आणखी एका म्हाताऱ्याने उत्तर द्यायला नकार दिला म्हणून त्याला दगडांखाली दाबून मारलं. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सेवॉलने 1697 मध्ये भर चर्चमध्ये उभं राहून आपल्या दोषाची कबुली पाद्र्याकडून वाचून घेतली. बाकीचे गप्प राहिले.

प्रश्न : या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही धागा आहे का? (अहमदनगर, आताचं अहिल्यानगर)

हा प्रश्न तुमच्या गावातून यावा! धागा आहे आणि तो तुमच्या गावातूनच जातो. प्युरिटनांच्या चर्चव्यवस्थेत बिशप नव्हते, प्रत्येक मंडळी, इंग्रजीत काँग्रिगेशन, आपला कारभार आपण बघायची. म्हणून त्यांच्या वारसांना काँग्रिगेशनल म्हणतात. त्यांनी 1810 मध्ये परदेशी कार्यासाठी मंडळ काढलं आणि फेब्रुवारी 1812 मध्ये पहिल्या मिशनऱ्यांना दीक्षा दिली, तीही सेलममध्येच. कंपनी सरकारने कलकत्त्याहून हाकललं तेव्हा त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला येऊन टेकले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. हॉल 1826 मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेला.

ही माणसं जातील तिथे आधी शाळा काढत, त्याचं मूळही जुनं आहे. ज्याने त्याने बायबल स्वतः वाचलं पाहिजे, म्हणून मॅसॅच्युसेट्सने 1647 मध्येच कायदा केला होता की पन्नास घरांच्या गावाने शिक्षक ठेवावा. मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं मांडलं, 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. सिंथिया फॅरार बाई नगरला मुलींच्या शाळा चालवत. त्या शाळा जोतीराव फुल्यांनी जाऊन पाहिल्या आणि मग पुण्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. फुल्यांचे विचार त्यांचे स्वतःचे, ते कोणी बोटीतून आणून दिले नव्हते. पण मुलींनी भरलेला वर्ग त्यांनी पाहिला तो तुमच्या गावात.

ज्यांनी बॉस्टनला गेल्यावर काय पाहावं असं विचारलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. प्लिमथ रॉक पाहून निराश व्हाल. पिलग्रिम याच खडकावर उतरले, असं 1741 मध्ये नव्वदी उलटलेल्या एका आजोबांनी सांगितलं, त्याआधीच्या कुठल्याही कागदात खडकाचा उल्लेख नाही. जहाज तर आधी केप कॉडच्या टोकाला, आजच्या प्रॉव्हिन्सटाउनपाशी लागलं होतं. वेळ कमी असेल तर खडक सोडा आणि बॉस्टनच्या स्टेट हाउसबाहेर मेरी डायरचा पुतळा बघा. तो रस्त्यावरूनच दिसतो, तिकीट नाही.