वाचकांचे प्रश्न : गोळ्यांची पांढरी बाटली

प्रश्न : माझ्या आईला थायरॉइडच्या गोळ्या कायमच्या चालू आहेत. त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत येतात. बाटली घरी आली, की आई सगळ्या गोळ्या काचेच्या लहान बरणीत ओतते आणि आतली पुडी फेकून देते. प्लॅस्टिकपेक्षा काच केव्हाही चांगली, असे तिचे म्हणणे आहे. माझ्या लहानपणी खोकल्याचे औषधही काचेच्याच बाटलीत मिळत असे. या बाटल्या कशा तयार होतात, त्यांतील प्लॅस्टिक औषधात उतरते का आणि आईचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आजच उपयोगी पडणारे आहे. गोळ्या मूळ बाटलीतच आणि पुडीसकट ठेवायला आईंना कृपया सांगावे. काच वाईट आहे म्हणून नव्हे. पण लेबलवर छापलेली मुदत ही नुसत्या गोळीची नसते, त्या बाटलीत, त्या झाकणाखाली असलेल्या गोळीची असते. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते ज्या वेष्टनात विकायचे त्याच वेष्टनात ठेवून त्याच्या टिकाऊपणाच्या चाचण्या घेतात. त्यांपैकी एका चाचणीत भरलेल्या बाटल्या 40 अंश सेल्सिअस तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून औषधाचा अंश किती उरला, हे मोजतात. गोळ्या बरणीत ओतल्या, की त्या मुदतीला आधार राहत नाही. थायरॉइडच्या गोळीतील औषध उजेड, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनी बिघडते, शिवाय त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. एवढ्याशा मात्रेत थोडी जरी घट झाली तरी रक्ताच्या तपासणीचे आकडे हलू शकतात, आणि मग गोळी बिघडली आहे हे लक्षात न येता डोस वाढवला जाण्याचा धोका असतो.

आता बाटलीकडे वळू. ती उलटी करून बुडाशी पाहिले, तर बहुधा त्रिकोणात 2 हा आकडा दिसेल. ही उच्च घनतेच्या पॉलिथिनची, म्हणजे एचडीपीईची खूण आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांनी 1953 मध्ये साध्या दाबाखाली पॉलिथिन तयार करणारे उत्प्रेरक शोधले आणि त्यातून हे प्लॅस्टिक हाती आले. 1963 चे नोबेल पारितोषिक त्यांना जुलिओ नाटा यांच्यासह मिळाले. या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या जवळजवळ सरळ, फांद्या नसलेल्या असतात. त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, त्यामुळे पाण्याच्या वाफेला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, तो उजेड अडवतो. आपल्या आईंच्या पारदर्शक बरणीत नेमकी हीच सोय नाही.

अशा बाटल्या करणारे यंत्र मी भोसरीच्या एका कारखान्यात जवळून पाहिले आहे. प्लॅस्टिकचे तांदळाएवढे दाणे वरच्या नरसाळ्यातून पडतात, तापलेल्या नळकांड्यातला स्क्रू ते वितळवत पुढे ढकलतो आणि सुमारे 200 अंशांना तापलेली एक मऊ, पोकळ नळी खाली लोंबू लागते. साच्याचे दोन अर्धे भाग तिच्यावर मिटतात, बुडाशी तिला चिमटा बसतो, वरून दाबाची हवा शिरते आणि नळी फुगून साच्याच्या थंड भिंतींना जाऊन भिडते. काही सेकंदांत साचा उघडतो आणि बाटली बाहेर येते. या पद्धतीच्या बाटलीच्या बुडावर त्या चिमट्याची आडवी रेघ राहते. गोळ्यांच्या लहान बाटल्या मात्र पुष्कळदा दुसऱ्या पद्धतीने करतात. तीत वितळलेले प्लॅस्टिक आधी एका दांड्याभोवती साच्यात भरतात, तेव्हाच तोंड आणि आटे अचूक घडतात, आणि मग तो आकार फुगवतात. झाकण सगळीकडून सारखे बसणे औषधासाठी फार महत्त्वाचे असल्याने मला हीच पद्धत अधिक पसंत आहे.

खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली पुष्कळदा पेटची, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट या दुसऱ्या प्लॅस्टिकची असते. तिच्या त्रिकोणात 1 असतो. पेटचे दाणे आधी नीट वाळवावे लागतात, कारण त्यात ओल राहिली, तर वितळताना रेणूंच्या साखळ्या तुटतात. त्यापासून प्रथम परीक्षानळीसारखा दिसणारा, वर आटे असलेला तुकडा करतात, तो पुन्हा साधारण 100 अंशांपर्यंत तापवतात, आतून सळईने लांब ताणतात आणि त्याच वेळी फुगवतात. लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना ताण बसल्याने पातळ बाटलीलाही बळकटी येते.

झाकणाखालच्या चकतीचे सीलही पाहण्याजोगे आहे. भरलेल्या बाटल्या झाकणे लावून एका विद्युतचुंबकीय कॉइलखालून जातात. त्या क्षेत्रात चकतीतील ॲल्युमिनियम आपोआप तापते, त्याच्या खालचा प्लॅस्टिकचा थर वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो. कोणतीही गरम वस्तू बाटलीला लागत नाही. दुकानातून घेतलेल्या बाटलीचे हे सील आधीच सुटलेले आढळल्यास ती परत करावी. सील निघाल्यावर पावसाळ्यातल्या पुण्याची हवा रोज थोडी थोडी आत जाणारच. ती ओल शोषून घेण्याचे काम आईंनी फेकलेल्या पुडीतील सिलिका जेल करत असते.

प्लॅस्टिक औषधात उतरते का, ही शंका रास्त आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2014 मध्ये काढलेल्या प्रारूप अधिसूचनेत लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांच्या द्रव औषधांसाठी पेट बाटल्या वापरू नयेत, असा प्रस्ताव होता. त्यावर बराच वाद झाला. आजही अनेक द्रव औषधे पेटमध्ये मिळतात. थॅलेट नावाचे मऊपणा आणणारे घटक पेटमध्ये घालावे लागत नाहीत. टेरेफ्थॅलेट आणि थॅलेट या नावांतल्या साम्यामुळे ते त्यात असतात असा गैरसमज होतो. अँटिमनी या उत्प्रेरकाचा सूक्ष्म अंश मात्र पेटमध्ये उरतो आणि उष्णता वाढली, की तो द्रवात अधिक उतरतो. म्हणून सिरपची बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नये.

आईंचा काचेवरचा विश्वास एका औषधाच्या बाबतीत अगदी खरा ठरतो. हृदयरोग्यांना जिभेखाली ठेवायला देतात त्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्यांतील औषध उडून जाते आणि प्लॅस्टिक ते शोषून घेते, म्हणून त्या काचेच्या मूळ बाटलीतून काढून डबीत भरू नयेत.

प्रश्न : गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत वेलदोडे, लवंगा ठेवल्या तर चालेल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : चालणार नाही. औषधाची भुकटी आट्यांत अडकून राहते. शिवाय घरातले लहान मूल औषधाची बाटली म्हणजे खाऊची बाटली असे शिकते, त्याची मला जास्त काळजी वाटते. रिकाम्या बाटलीचे लेबल फाडावे, म्हणजे ती कोणाला पुन्हा भरून विकता येणार नाही. ॲल्युमिनियमचे सील आणि सिलिका जेलची पुडी वेगळी काढावी आणि बाटली सुक्या कचऱ्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांकडे द्यावी. एचडीपीई भंगारात विकले जाते आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात.