आधी माणसं तोला, मग ट्रेलर पाहा

प्रश्न : आमच्याकडे सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी २,००० किलोची मर्यादा दिली आहे. आम्ही दोघं, आई आणि दोन मुलं असे पाच जण. १,८०० किलो भरल्या वजनाचा, प्रवासात राहायचा ट्रेलर पसंत पडलाय. विक्रेता म्हणतो, गाडी आरामात ओढेल. घ्यावा का? (रत्नागिरी)

उत्तर : घेऊ नका. इंजिन तो ओढेल, त्याबद्दल वाद नाही. पण ट्रेलर नुसता ओढायचा नसतो, त्याचा काही भार गाडीला पाठीवर घ्यावा लागतो. ट्रेलरच्या दांडीच्या टोकाशी, गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर म्हणजे बॉलवर पडणारा हा भार म्हणजे टंग वेट. तो ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा डुलायला लागतो.

हा भार तुमच्या माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातूनच जातो. समजा, गाडीचं कमाल भरलं वजन २,६०० किलो आणि रिकामं २,०५० आहे. म्हणजे हातात ५५० किलो राहिले. पाच जणांचे मिळून २७०, गाडीतल्या पिशव्या-डबे ७०, हिचचं, म्हणजे बॉल बसवायच्या गाडीमागच्या सांगाड्याचं लोखंड ३०. उरले १८०. तुमच्या १,८०० किलोच्या ट्रेलरचं १२ टक्क्यांनी टंग वेट होतं २१६. गणित इथेच संपलं; २,००० चा आकडा गाठायची वेळच येत नाही. हेच आकडे तुमच्या गाडीच्या वजनमर्यादेच्या प्लेटवरून आणि घरच्या वजनकाट्यावरून काढा. आईचंही वजन घ्या, अंदाज नको.

मग किती किलोचा घ्यावा? वरच्या उदाहरणात भरून १,२०० किलोपर्यंतचा. त्याचं टंग वेट १४४, म्हणजे ३६ किलो हाताशी उरतात. मात्र माहितीपत्रकातलं रिकामं वजन धरून चालू नका. ९०० किलो छापलेला ट्रेलर घेतला, त्यात बॅटरी ३०, छतावरचा एसी ३५, मांडवाचं कापड आणि दांडे २५, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, छोटं सिलिंडर आणि शेगडी १५, अंथरुणं-भांडी-शिधा-बादल्या ११५ असं धरलं, की झाले १,२००. ट्रेलरच्या स्वतःच्या प्लेटवरचा कमाल आकडा याहून जास्त हवा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो भार तरफेसारखा लागतो. बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर आणि दोन आसांतलं अंतर २.७५ मीटर असेल, तर १४४ किलोमुळे मागच्या आसावर सुमारे २०७ किलो वाढतात आणि पुढचा आस ६३ किलोने हलका होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून मागच्या आसाची मर्यादा वेगळी तपासा. हिच आणि कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) यांच्या प्लेटवर उभ्या भाराची मर्यादा असते, तीही पाहा. गाडी, हिच, बॉल, कपलर, या चारांतला सगळ्यांत लहान आकडा तो आपला. युरोपीय धाटणीच्या कपलरवर तो बरेचदा १०० किलोच्या आत असतो. तिकडे टंग वेट ५ ते ७ टक्के धरतात, पण ते ट्रेलर त्याच हिशेबाने बांधलेले असतात आणि वेगही बेताचा ठेवावा लागतो.

खात्री करायची तर महामार्गावरच्या वजनकाट्यावर तीन वजनं करा. पहिलं, माणसं-सामानासह नुसती गाडी. दुसरं, ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर. तिसरं, फक्त ट्रेलरची चाकं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टंग वेट. दुसरं आणि तिसरं मिळवून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन. मोठा काटा दहा-वीस किलोंचा फरक दाखवू शकतो, म्हणून टंग वेट घरी पुन्हा पाहा. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना उटी म्हणजे पाचर लावा, कपलरच्या उंचीचा लाकडी ठोकळा बाथरूमच्या काट्यावर ठेवा आणि जॉकी व्हील (दांडीखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) वर घ्या. भार काट्याच्या क्षमतेबाहेर असेल तर एक फळी घ्या, तिचं एक टोक पाइपवर आणि दुसरं काट्यावर टेका. पाइपपासून एक तृतीयांश अंतरावर भार द्या आणि आकड्याला तिनाने गुणा.

पाण्याची टाकी कुठे बसवली आहे तेही विचारा. आसाच्या मागे असेल तर ती भरली की टंग वेट घटतं. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवा. डुलणं सुरू झालंच तर ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. विजेवर चालणारे ट्रेलर ब्रेक असतील तर फक्त ते हाताने लावा.

ब्रेकचा मुद्दा आपल्याकडे घाटामुळे निर्णायक आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरायचा असेल तर आपणही त्याखाली तडजोड करू नये. ओव्हररन पद्धतीत ट्रेलर गाडीला ढकलतो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात. त्यामुळे लांब उतारावर ते सतत घासत राहतात आणि ड्रम तापतात. वरूनच खालचा गिअर घ्या, मध्ये रुंद जागा पाहून थांबा, करपल्याचा वास येतो का पाहा.

पैसे भरण्यापूर्वी ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आणि विमा यांची विचारणा आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी करा. तुमच्या पुस्तिकेत आकडा आहे हे बरं. ज्यांच्या पुस्तिकेत नाही, त्यांनी त्याच गाडीचा परदेशातला आकडा वापरू नये. तिथल्या गाडीचं कूलिंग, स्प्रिंगा, हिच वेगळं असू शकतं.

प्रश्न : गाडीला ५० मिलिमीटरचा बॉल आहे, ट्रेलरच्या कपलरवर २ इंच लिहिलंय. चालेल ना? (अलिबाग)

उत्तर : नाही. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. ही पाऊण मिलिमीटरची ढिलाई प्रत्येक खड्ड्यात आपटत राहते आणि बॉल झिजतो. उलट जोडीत लॉक पुरतं बसत नाही. बॉल बदला. जोडल्यावर जॉकी व्हीलने दांडी वर उचलून पाहा : गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली पाहिजे. साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) बॉलला अडकवू नका, हिचच्या पक्क्या कडीला लावा.

प्रश्न : समुद्राजवळ उभा असलेला जुना ट्रेलर स्वस्तात मिळतोय. काय पाहावं? (मालवण)

उत्तर : आधी आत शिरून वास घ्या. कुबट असेल तर खिडक्यांचे खालचे कोपरे आणि छताचे सांधे अंगठ्याने दाबा. लाकूड मऊ लागलं तर आतली चौकट कुजली आहे, आणि ती दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीएवढी जाते. खाली वाकून चासीच्या वेल्डिंगवर पातळ पापुद्रे सुटलेत का पाहा. वरून मारलेल्या ताज्या काळ्या रंगाला भुलू नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी इतकं जुनं रबर बदलाच. बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा, चाकाचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पावसाळ्यात उभा ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शूज गंजून ड्रमला चिकटतात, उटी पुरे. आणि ट्रेलर पुळणीत उतरवू नका. ओल्या वाळूवर गाडी निघेल, तो रुतेल.

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीत ट्रेलर नेता येईल का? (दापोली)

उत्तर : फेरीवाल्यांना जोडलेली एकूण लांबी आधी कळवा, कारण जागा तीच ठरवते. खरी अडचण उताराची. ओहोटीला रॅम्प तीव्र होतो आणि ट्रेलरची मागची बाजू घासते. भरतीच्या सुमाराची फेरी पकडा. पुढे वाड्यांतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात. समोरून एसटी आली तर मागे तुम्हालाच यावं लागेल. रिकाम्या मैदानात सराव करून जा : हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवा.