हक्क राज्यघटनेचा, चाव्या राज्यांच्या हाती

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी बंदूक, परवाना आणि राज्याराज्यांतल्या कायद्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. आमची बाजू आधीच सांगून टाकतो: कायदा पाळणाऱ्या माणसाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, असं आम्ही मानतो. न्यू जर्सीसारखी राज्यं हा हक्क फी, फॉर्म आणि मनाई-जागांच्या यादीत अडकवतात, असंही आमचं मत आहे. पण पोलिसांपुढे मत कामाला येत नाही, कलम येतं. म्हणून खाली कलमंच जास्त आहेत.

प्रश्न: मी एच-वन-बी व्हिसावर एडिसनला राहतो. शेजारी गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर चल म्हणून मागे लागले आहेत. नुसती चालवून बघायला काय हरकत? (एडिसन, न्यू जर्सी)

हरकत आहे, आणि मोठी आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. 2022 पासून त्याची कमाल शिक्षा 15 वर्षं झाली आहे. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणं एवढंच नव्हे. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल तासभर हातात असलं तरी तेही त्यात धरलं जातं. आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असून ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं काढली असली तरी काही फरक पडत नाही.

बहुतेकांच्या उपयोगाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. त्यासाठी सहसा आधी शिकारी-सुरक्षेचा कोर्स पूर्ण करावा लागतो. परवान्याची प्रत खिशात ठेवा आणि मुदत डोक्यात ठेवा. न्यू जर्सीचा परवाना 31 डिसेंबरला संपतो. तो संपला आणि नवा घेतला नाही, तर 1 जानेवारीला तुम्ही पुन्हा बंदीच्या यादीत.

घरातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असेल, तर तिजोरीचा आकडा बायकोला सांगू नका. शस्त्रापर्यंत हात पोहोचतो, म्हणजे ते तिच्याही ताब्यात आहे, असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. शिवाय बंदुकीसंबंधीच्या कायद्याखाली दोषी ठरणं हे ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढायला स्वतंत्र कारण आहे. कर भरणाऱ्या, गुन्ह्याची नोंद नसलेल्या माणसाला केवळ व्हिसाच्या शिक्क्यावरून रोखणं आम्हाला पटत नाही. पण न पटणं हा कोर्टात बचाव होत नाही.

प्रश्न: आता ग्रीन कार्ड आलं आहे. न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायचं तर नेमकं काय करायचं? 2022 च्या निकालाने सगळं सोपं झालं म्हणतात. (जर्सी सिटी)

सोपं झालं नाही, शक्य झालं. सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये ब्रूएन खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी घराबाहेर शस्त्र जवळ बाळगण्यासाठीची न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली. ती अट 1911 च्या सुलिव्हन कायद्यातून आलेली होती. न्यू जर्सीतही तशीच अट होती, तीही गेली. मग राज्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा कायदा आणला. घराबाहेर जवळ बाळगण्याच्या परवान्याची फी 50 डॉलरवरून 200 झाली, खरेदीदार ओळखपत्राची 5 वरून 50 आणि पिस्तूल खरेदी-परवान्याची 2 वरून 25. पुढच्या दाराने आलेला हक्क मागच्या दाराने कसा परत घेतात, त्याचं हे उदाहरण.

क्रम असा. आधी सुरक्षा-प्रशिक्षण. मग राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ओळखपत्र आणि पिस्तूल खरेदी-परवाना या दोन्हींचा अर्ज, बोटांचे ठसे आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती. खरेदी-परवाना पिस्तुलागणिक वेगळा लागतो. तो 90 दिवस चालतो आणि एकदा आणखी 90 दिवस वाढवून मिळू शकतो. साधारणपणे 30 दिवसांत एकच पिस्तूल घेता येतं.

अर्ज अडतो तो संदर्भ देणाऱ्यांपाशी. त्यांना ईमेलने प्रश्नावली जाते, ती स्पॅममध्ये पडून राहते आणि इकडे तुम्ही पोलिसांना दोष देत बसता. दुसरी अडचण आपल्या नावांची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब आणि ठशांच्या फॉर्मवर नुसतं आद्याक्षर. तिन्हीकडे एकच नाव करून घ्या, मगच अर्ज भरा.

घराबाहेर जवळ बाळगायचं असेल तर नात्यात नसलेले चार संदर्भ, प्रत्यक्ष गोळीबाराची चाचणी आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. परवाना हातात आल्यावरही बागा, ग्रंथालयं, दारू मिळणारी हॉटेलं, नाट्यगृहं, कॅसिनो अशी मनाई-जागांची लांबलचक यादी आहे. तिच्यातल्या कलमांवर खटले चालू आहेत आणि स्थिती बदलत राहते. मॅगझिन (गोळ्यांचा खण) जास्तीत जास्त 10 गोळ्यांचं, 2018 पासून. पोकळ टोकाच्या गोळ्या घरात आणि रेंजवर चालतात. बाहेर त्यांच्यावरून वेगळा गुन्हा होऊ शकतो, तेव्हा रोजच्या मॅगझिनमध्ये त्या भरण्याआधी वकिलाला विचारा.

प्रश्न: माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे. भाऊ न्यू जर्सीत राहतो. पूल ओलांडून पिस्तूल नेलं तर काय होईल? (फिलाडेल्फियाजवळून)

जवळ बाळगून नेलंत तर अटक होईल. न्यू जर्सी इतर राज्यांचे परवाने मानत नाही. परवान्याविना पिस्तूल बाळगणं हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे: 5 ते 10 वर्षं, आणि ग्रेव्हज कायद्यानुसार साधारण 42 महिने पॅरोलचं नावच नाही. फिलाडेल्फियाच्या शनीन ॲलन यांना 2013 मध्ये अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी थांबवलं. त्यांनी आपण होऊन पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना असल्याचं सांगितलं आणि त्यावरच खटला उभा राहिला. अखेर 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. माफीवर भरवसा ठेवून पूल ओलांडू नका.

न्यू जर्सी नुसती पार करायची असेल तर 1986 चा केंद्रीय कायदा आधार देतो. निघता ते आणि पोहोचता ते, दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. शस्त्र रिकामं हवं, आणि शस्त्र किंवा काडतुसं बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. डिकी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा व्हॅन असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि पुढचा खण किंवा सीटमधला कप्पा ही कुलूपबंद पेटी धरली जात नाही. वाटेत भावाकडे मुक्काम केलात तर प्रवास अखंड राहत नाही आणि संरक्षण डळमळतं.

विमानाचा सापळा आणखी वाईट. ग्रेग रेव्हेल 2005 मध्ये यूटाहून निघाले होते. नेवार्कला त्यांचं पुढचं विमान चुकलं. बॅग परत घेऊन ते हॉटेलात राहिले, सकाळी बॅग पुन्हा देताना पिस्तूल असल्याचं सांगितलं आणि अटक झाली. 2010 मध्ये तिसऱ्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) त्यांच्या विरोधात निकाल दिला: हॉटेलात शस्त्र हाताला लागत होतं, म्हणून केंद्रीय संरक्षण नाही. त्याच निकालात सुचवलेला मार्ग लक्षात ठेवा. नेवार्कला अडकलात तर बॅग हातात घेऊच नका. आधी विमान कंपनीला किंवा विमानतळ पोलिसांना सांगा आणि रात्रभर ती त्यांच्याच ताब्यात राहू द्या.

प्रश्न: वॉशिंग्टनमध्ये काही होत नाही, मग राज्यांत एवढं का बदलतं? आपण करायचं काय? (डेन्व्हर)

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती सगळ्या देशाला लागू आहे, पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड आणि मिनेसोटा या पाच राज्यांच्या स्वतःच्या घटनेत शस्त्राच्या हक्काचं कलमच नाही. आयोवातही नव्हतं, तिथल्या मतदारांनी ते 2022 मध्ये घातलं. दुसरीकडे 29 राज्यांत घराबाहेरही परवान्याशिवाय शस्त्र जवळ बाळगता येतं.

तुमच्याच कोलोरॅडोने 2013 मध्ये 15 गोळ्यांहून मोठ्या मॅगझिनवर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये राज्य सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला गिरोन यांना मतदारांनी परत बोलावलं, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन पदावरून काढलं, आणि मोर्स साडेतीनशेहूनही कमी मतांनी हरले. कायदा मात्र तसाच राहिला. खुर्ची घालवणं सोपं, कलम घालवणं कठीण. 2021 मध्ये त्याच राज्याने शहरांना स्वतःचे कडक नियम करायची मोकळीक दिली. पेनसिल्व्हेनियात ती नाही. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गचे नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मोडीत काढले. म्हणून नवं विधेयक आलं की आधी बघा, ते शहरांना अधिकार देतं का.

व्हर्जिनियात 20 जानेवारी 2020 ला रिचमंडमध्ये सुमारे 22 हजार लोक जमले आणि बहुतेक काउंट्यांनी 'अभयक्षेत्रा'चे, म्हणजे इथे बंदुकीवरचे नवे निर्बंध राबवणार नाही असे, ठराव केले. आमच्या मते त्या ठरावांना कायदेशीर वजन फारसं नव्हतं. 'असॉल्ट' शस्त्रांवरच्या बंदीचं विधेयक अडलं ते फेब्रुवारीत राज्य सिनेटच्या न्याय समितीत, कारण चार डेमोक्रॅट सदस्यांनी ते पुढच्या वर्षावर ढकलायला मत दिलं. खरं काम समितीत होतं. विधेयकाचा क्रमांक शोधा, साक्षीसाठी नाव नोंदवा, मिळतील त्या दोन-तीन मिनिटांत एकाच कलमावर बोला.

देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वन-बीवाल्यांना राज्याच्या निवडणुकीतही देणगी देणं निषिद्ध आहे. बिनपगारी स्वयंसेवा मात्र चालते.

प्रश्न: रेंजची बॅग घेऊन पुण्याला आलो आणि तळाशी एक काडतूस निघालं, तर? (ह्यूस्टन)

मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. 'ताबा' जाणीवपूर्वक असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये संजय दत्त प्रकरणात म्हटलं आहे आणि त्या आधारावर असे गुन्हे उच्च न्यायालयात रद्दही होतात. पण तोवर परतीचं तिकीट वाया गेलेलं असतं. रेंजची बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरायचीच वेळ आली तर अस्तराच्या शिवणीपर्यंत उलटी करून झटका, बाजूचे कप्पे बोटांनी चाचपा. रिकामी पुंगळीसुद्धा ठेवू नका.