बोटीवरचा मुलगा आणि मोबाइलवरचा ठिपका

‘तो बोटीवर आहे. त्या भागात युद्ध चालू आहे. आमच्या घरी कुणालाच आमच्याबद्दल माहीत नाही. रात्री झोप नाही, अभ्यास होत नाही. त्याला परत ये म्हणू, की हे सगळं संपवूनच टाकू?’

असं विचारणाऱ्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी अधूनमधून येतात. मुलगेही येतात, पण ते पहिला अर्धा तास अ‍ॅसिडिटीबद्दल बोलतात. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीनं परत बोलावलं गेलं, तेव्हा लष्करातल्या मुलांच्या मैत्रिणी आल्या होत्या. आज सांगतेय ती गोष्ट मात्र मर्चंट नेव्हीतल्या मुलाची आणि मुंबईतल्या मुलीची आहे. कोकणातून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत पूर्वीपासून एखादा काका, मामा बोटीवर असतोच. तरी सोयरीक जमवताना ‘बोटीवरचा मुलगा नको गं बाई’ हेही त्याच घरांत ऐकू येतं.

तिला ऋतुजा म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय २१, टी.वाय.बी.कॉम., भांडुपला चाळीवजा इमारतीत घर. तो, म्हणजे ओंकार, डीएनएस हा नौकानयनाचा डिप्लोमा करून डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून मालवाहू जहाजावर जॉइन झालेला. ती आली तेव्हा २०२४चा फेब्रुवारी चालू होता. १९ नोव्हेंबर २०२३ला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं होतं आणि तेव्हापासून तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर क्षेपणास्त्रं, ड्रोन सुरूच होते. २६ जानेवारीला ‘मार्लिन लुआंडा’ पेटलं, त्यावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलानं आग विझवायला मदत केली, माणसं वाचली. ऋतुजाच्या घरी ही बातमी रात्री जेवताना लागली होती. वडील म्हणाले, “कशाला जातात पोरं मरायला?” तिनं ताटातला भात संपवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

मी तिला ‘काळजी करू नकोस’ म्हटलं नाही. धोका खरा होता. क्षेपणास्त्राची शक्यता किती टक्के, हे सांगूनही प्रेमात पडलेल्या मुलीचं काही भलं होत नाही. मी विचारलं ते रात्रीबद्दल. अकरा ते तीन नक्की काय करतेस?

ती मोबाइलवर जहाजांचा नकाशा बघत असे. जगभरातली जहाजं ठिपक्यांनी दाखवणारी अ‍ॅप्स असतात, त्यातला ओंकारचा ठिपका. तो हलला की बरं वाटायचं, थांबला की पोटात खड्डा. मग बातम्या, मग यूट्यूबवरची लाल अक्षरं, मग परत ठिपका. आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिही म्हटलं: अ‍ॅप कधी उघडलंस, काय शोधत होतीस, आणि बघितल्यावर मिळालेला दिलासा किती टिकला. पुढच्या वेळी तिनं वही न उघडताच सांगितलं, “मॅडम, पाणी पिऊन परत गादीवर येईपर्यंत.”

चिंतेचं हे चक्र असंच चालतं. तपासलं की क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुन्हा तपासावंसं वाटतं. मोबाइल एकदम बंद करायला मी सांगत नाही, ते कुणाकडून होत नाही. दोन वेळा ठरवल्या, सकाळी कॉलेजला निघण्याआधी आणि संध्याकाळी सातला. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढणार, हे आधीच बजावलं. वाढली. तिसऱ्या रात्री तिनं नियम मोडला, चौथ्या रात्री पाळला.

दरम्यान तो ठिपका एका जागी गोठला. ओळखीतल्या एका निवृत्त कॅप्टनकाकांना मी फोन केला. ते म्हणाले, फुकटच्या अ‍ॅपला किनाऱ्यावरच्या केंद्रांनी पकडलेले संकेत मिळतात. जहाज खोल समुद्रात गेलं की उपग्रहाची माहिती लागते, आणि तिला पैसे पडतात. शिवाय धोक्याच्या पट्ट्यात कॅप्टन कधीकधी हे संकेत पाठवणारी यंत्रणा मुद्दाम बंद ठेवतो, जीपीएस बिघडवलं गेलं तर जहाज नकाशावर चक्क विमानतळावर उभं दिसतं. जहाजांची शाळा घेणं हे माझं काम नाही. पण चुकीच्या माहितीवर उभी राहिलेली भीती नुसत्या दीर्घ श्वासानं उतरत नाही. यूट्यूब सगळीकडे श्वासच घ्यायला सांगतं, म्हणून हे बोलून टाकलं.

ओंकारचं जहाज तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून चाललं होतं. अनेक कंपन्यांनी हाच लांबचा रस्ता धरला होता. हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं, कारण प्रवास लांबून त्याचं परतणं पुढे जाणार होतं. आणि जानेवारीत जहाज खरोखर तांबड्या समुद्रातून गेलं, तेव्हाही ‘सगळं मस्त, आज चिकन होतं’ एवढाच मेसेज. खरं काय ते तिला त्याच्या मित्राच्या स्टेटसवरून कळलं. तिथपासून ‘सगळं मस्त’ या शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला होता. बोटीवरच्या आणि सीमेवरच्या मुलांना माझं सांगणं हेच असतं: लपवून तुम्ही तिला वाचवत नाही, तिच्या कल्पनेला मोकळं रान देता. जहाज कुठे आहे हे सांगायला सुरक्षेसाठी बंदी असू शकते, ती पाळावीच. ‘पुढचे चार दिवस नेट नसेल, घाबरू नकोस’ एवढं मात्र सांगता येतं.

त्यानं धोक्याच्या पट्ट्यात जायला नकार द्यावा असं तिला वाटत होतं. तशी सोय आहे. खलाशांच्या संघटना आणि मालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या जहाजांवर, युद्धसदृश म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला माणूस नकार देऊ शकतो, आणि त्याला कंपनीच्या खर्चानं घरी पाठवावं लागतं. पण ओंकारला परीक्षेला बसण्यासाठी १८ महिन्यांचा सी टाइम, म्हणजे जहाजावरच्या कामाचा काळ, भरायचा होता, घरावर शिक्षणाचं कर्ज होतं. नकार देणारा कॅडेट पुढे कुणाला हवा असतो, ही त्याची भीती मला खोटी वाटली नाही. मी तिला म्हटलं, तुझी भीती त्याला एकदा स्पष्ट सांग. निर्णय त्याचा राहू दे.

हे सगळं करूनही झोप पूर्ण परतली नव्हती. मग एका दिवशी, उठता उठता, पर्स खांद्याला लावून ती म्हणाली, “त्याला काही झालं तर मला कोण सांगणार?”

मी तिला परत बसवलं.

कंपनी फोन करणार तो कागदावर नोंदवलेल्या नातेवाइकाला, म्हणजे त्याच्या आईला. त्या बाईंना ऋतुजा नावाची मुलगी या जगात आहे हेच माहीत नव्हतं. ऋतुजाला ते टीव्हीवर कळलं असतं, वडिलांच्या शेजारी बसून, आणि रडायचीही चोरी. ठिपक्यावरचा पहारा त्यासाठी होता. दुसरं कुणी सांगणार नव्हतं, म्हणून ती स्वतः जागत होती. चोरून प्रेम करणाऱ्यांची युद्धातली ही वेगळीच गोची. बायकोला सगळे विचारतात, मैत्रिणीला कुणीच नाही.

यावर उपाय साधा होता, पण तो ओंकारनं करायचा होता. त्यानं त्याच्या मोठ्या बहिणीला सांगितलं. दोन दिवसांनी त्या ताईंचा ऋतुजाला फोन आला, “मला कळलं की आधी तुला कळेल. आणि तुला काही कळलं तर मला सांग, आमचं नेट कायम गंडलेलं असतं.”

६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी गेले. या हल्ल्यांमधले ते पहिले मृत्यू. आयएनएस कोलकातानं बाकीच्या २१ जणांना उचलून जिबुतीला पोचवलं. ती रात्र वाईटच गेली, ओंकार हजारो मैल दूर आहे हे माहीत असूनही. फरक इतकाच की ताई आणि ती साडेबारापर्यंत फोनवर बोलत होत्या, आणि नंतर दोघी झोपल्या.

राहिला प्रश्न नातं तोडण्याचा. मध्यरात्री दोनला असा निर्णय घ्यावासा वाटतो तो भीती थांबवण्यासाठी. त्या वेळी मुलाचा विचार कुठे असतो? मी तिला विचारलं, “युद्ध नसतं तर?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की तो महिनोन् महिने नसतो, माझा वाढदिवस विसरतो, याचा राग मला आधीपासून येतोय. पण तो तिथे जीव मुठीत धरून असताना मी भांडू कशी? युद्धामुळे त्यांचं साधं भांडणसुद्धा अडलं होतं. भीतीपोटी आणि कौतुकापोटी ती एका वीरावर प्रेम करू लागली होती. रुइया कॉलेजच्या नाक्यावर भेटलेला, उशिरा येणारा, दुसऱ्याच्या पैशानं वडापाव खाणारा मुलगा बाजूलाच पडला होता.

एप्रिलमध्ये ती त्याच्याशी कडाक्याची भांडली. मला बरं वाटलं, हे तिला सांगितलंही.

जुलैत तो साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची मुदत संपवून, आला. तिनं आईला सांगितलंय, वडिलांना अजून नाही. लग्न करायचं की नाही, ते तिचं एम.कॉम. आणि त्याचा सी टाइम संपल्यावर बघू, असं दोघांनी ठरवलंय. पुढच्या कॉन्ट्रॅक्टला निघताना त्यानं घरच्यांना द्यायच्या कागदावर जहाजाचं नाव आणि कंपनीचा नंबर लिहिला, आणि त्या कागदाचा एक फोटो ऋतुजालाही पाठवला.

अशीच काळजी तुम्हाला असेल, आठवडे झाले तरी झोप-जेवण बिघडलेलं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर २४ तास फुकट आणि मराठीतही बोलता येतं. घरी सांगता येत नसेल तर तिथे सांगा, आणि त्याच्या बाजूच्या निदान एका माणसाकडे तुमचा नंबर आहे का, ते आजच विचारून घ्या.