तोरबा म्हणजे आपला तोबराच का?

प्रश्न असा आलाय की एका लिलावाच्या कॅटलॉगचं मराठी करताना "टेके तोरबा, 19वं शतक" अशी नोंद सापडली, फोटोत मात्र आडवा, लांबट, लाल गालिचा दिसतोय. तर हा तोरबा म्हणजे आपल्या पानाच्या तोबऱ्यातला तोबरा का, आणि मराठीत सरळ "छोटा गालिचा" लिहिलं तर चालेल का?

शब्द तोच आहे, हो. पण "छोटा गालिचा" लिहू नका, का ते सांगतो.

तोबरा आपल्याकडे फारसीतून आला. घोड्याच्या तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी, एवढाच मूळ अर्थ. आता दारात घोडे नाहीत त्यामुळे पिशवी कोणाला आठवत नाही, शब्द मात्र टिकला कारण तो पिशवीवरून सरकून तोंडात कोंबलेल्या ऐवजावर गेला, आणि पानाचा तोबरा भरून बसलेला माणूस आपल्याला लगेच डोळ्यासमोर येतो. तुर्की कुळातल्या भाषांत हाच शब्द तोरबा असा आहे, म्हणजे र आणि ब यांनी जागा बदलल्यात. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात, आपण नुकसानचं नुस्कान करतो तोच प्रकार. तुर्कस्तानात घोड्याच्या तोबऱ्याला आजही 'येम तोरबासी' म्हणतात (येम म्हणजे चारा) आणि कचऱ्याच्या पिशवीला 'चोप तोरबासी', म्हणजे तिकडे शब्द अजून नोकरीत आहे. रशियनमध्येही तो गेलाय, तिथे क्षुल्लक गोष्टीचं भलतंच कौतुक करत हिंडणाऱ्याला "नक्षीची तोरबा मिरवणारा वेडा" अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. नक्षीची तोरबा! तुर्कमेन लोकांनी ऐकलं तर रागावतील, कारण त्यांच्याकडे तोरब्यावरची नक्षी ही खरंच मिरवायची गोष्ट होती.

तर तुर्कमेन लोकांकडे येऊ. टेके, योमुत, सालोर, सारिक, एरसारी, चौदुर वगैरे टोळ्या, मुलूख साधारण कॅस्पियन समुद्रापासून अमूदर्या नदीपर्यंत, राहायचं नमद्याच्या (म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या) गोल तंबूत. आता अशा तंबूत कपाट कुठे ठेवणार, म्हणून कपाटाचं काम पिशव्या करायच्या. मोठी खोल पिशवी ती चुवाल, कपडे, अंथरूण पांघरूण तिच्यात. रुंदीला जवळपास तेवढीच पण खोलीला कमी ती तोरबा. जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी ती होरजुन, हिंदी-उर्दूत जिला खुरजी म्हणतात तिचीच बहीण. सगळं विणकाम बायकांचं, आणि मुली लग्नाआधी आपापल्या हुंड्यासाठी हे विणायच्या, त्यामुळे सासरी तंबूच्या आत टांगलेल्या पिशव्या बघून सुनेचा हात कसा आहे ते सगळ्यांना कळायचं.

आता तुमच्या फोटोतली वस्तू जवळून बघा. साधारण मीटर सव्वा मीटर लांब, उंची चाळीस पन्नास सेंटीमीटर, लाल जमिनीवर बहुतेक करून तीन तीनच्या दोन ओळींत सहा अष्टकोनी नक्ष्या, टेके तोरब्याची ही अगदी नेहमीची मांडणी. लाल रंग जुन्या कामात मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा. लोकरीचा ताणा जमिनीवर आडव्या मागावर ताणायचा, पुढच्या भागात एकेक गाठ मारून लव उभी करायची, बारीक कामात चौरस इंचाला दोनशेच्या वर गाठी जातात, आणि त्याच ताण्यावर पुढे न थांबता पाठीचा भाग साधा सपाट विणायचा. मग मधोमध दुमडून दोन्ही कडा शिवल्या की पिशवी तयार.

पाठ कुठे गेली म्हणाल, तर कापली. सरसकट सगळ्यांची नाही पण पुष्कळांची. 1881 मध्ये गोक तेपे या टेके लोकांच्या किल्ल्यावर रशियन फौजेने त्यांना चिरडलं, लगेच पुढच्या काही वर्षांत रेल्वे आली, 1886 ला मर्व आणि 1888 ला समरकंद, आणि घरातलं विणकाम बाजारात यायला लागलं. गिऱ्हाईकाला भिंतीवर किंवा टेबलावर टाकायला नक्षीदार तुकडा हवा असायचा, साधी पाठ नको. म्हणून कापलेल्या पिशव्या जगभर "छोटे गालिचे" म्हणून फिरतायत, आणि आपणही मराठीत तसंच लिहिलं तर त्या कापाकापीवर आपला शिक्का बसतो. मला तरी ते पटत नाही.

शिवाय गंमत म्हणजे "छोटा गालिचा" यात छोटा दोनदा येतो. फारसीत मोठा तो काली, त्याला लहानपण दाखवणारा -चा लावून कालीचा, म्हणजेच गालिचा. बागेला तोच प्रत्यय लागून बगीचा झाला. मराठीत तो लहानपणा कधीच पुसला गेलाय, वीस फुटांचा गालिचाही आपण खुशाल म्हणतो, त्यामुळे यावरून कोणाला टोकू नका.

मग लिहायचं काय? तोबरा लिहिलात तर वाचक घोडा नाहीतर पान बघेल. मी असं लिहीन: "टेके तोरबा, तंबूत टांगायच्या पिशवीचा गाठींनी विणलेला दर्शनी भाग". लांब होतं, होऊ दे.

जाता जाता, कॅटलॉगमध्ये त्याच पानावर कुठे "बुखारा" असेल तर ते विणणाऱ्यांचं गाव समजू नका. ते बाजाराचं नाव, माल तिथून विकला जायचा म्हणून चिकटलेलं, आणि आज तर लाहोरकडे विणलेल्या याच नक्षीच्या गालिच्यांनाही दुकानदार बिनदिक्कत बुखारा म्हणतात. टोळीचं नाव दिलेलं असेल तर तेच ठेवा. आणि त्या अष्टकोनांना "गुल" लिहिलेलं असेल तर फूल असं भाषांतर करू नका, टोळीटोळीचा गुल वेगळा असतो, तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर दांडीच्या बाजूला पाच गुल एकाखाली एक आहेत ते बघा, त्यातलं एकही फुलासारखं दिसत नाही.