हानी लोकांच्या बाजारातला पारंपरिक पोशाख रोजचा असतो की पर्यटकांपुरता?

तुम्ही विचारलंय की चीनमधल्या हानी जमातीच्या बायका बाजारात खरंच पारंपरिक कपडे घालून येतात, की फोटोपुरतं नटतात. खरंच येतात, आणि त्यात नटण्याचा भाग फार थोडा. मी हे युन्नान प्रांतात, युआनयांग तालुक्यातल्या शंगत्सुनच्या बाजारात पाहिलंय. इथल्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांना २०१३ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

अंगरखा निळीत इतक्या वेळा बुडवलेला असतो की जवळजवळ काळा दिसतो. तो उजव्या कुशीवर बंद होतो, त्याला चांदीच्या गुंड्या असतात आणि कमरपट्ट्याची भरतकाम केलेली टोकं मागे लोंबतात. याच कपड्यांत पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळावर आणि पायात रबरी बूट. हिवाळाभर खाचरं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे बूट लागतातच. इथल्या निळीचं झुडूप आपल्या कारवीच्याच वंशातलं (genus) आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना याचं नक्की अप्रूप वाटेल.

मला सगळ्यात जास्त आवडले ते शिंप्यांचे ठेले. तिथे रंगीत दोरे, मशीनवर भरलेल्या तयार किनारी आणि प्लास्टिकचे मणी मिळतात. बायका एकेक किनार बाहीला लावून बघतात, शेजारणीला विचारतात, घासाघीस करतात. मशीनचं भरतकाम आलं म्हणून पोशाख नकली झाला, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. अंगावर वापरात असलेला कपडा बदलणारच. तरुण मुली मात्र बऱ्याचदा जीन्समध्ये दिसतात आणि पुरुषांचे कपडे तर चारचौघांसारखेच.

बाजार एकट्या हानींचा नसतो. भडक गुलाबी-हिरव्या कपड्यांत यी जमातीच्या बायका येतात, चुणीदार घागऱ्यात म्याव जमातीच्या. लाल तांदूळ, खाचरांत चरणाऱ्या बदकांची अंडी, खाचरातलेच छोटे मासे, आंबवलेलं सोयाबीन असा माल असतो. म्हातारे बाप्ये कडेला बसून बांबूच्या जाड नळीतून पाण्यातून गाळलेला धूर ओढत असतात.

जायचं असेल तर दिवस आधी विचारून घ्या. बरेच बाजार बारा प्राण्यांच्या पंचांगाप्रमाणे (दर दिवसाला एक प्राणी, असं बारा दिवसांचं चक्र) भरतात, त्यामुळे वार ठरलेला नसतो. लाओमंग गावचा बाजार मात्र रविवारी असतो. सकाळीच पोचा, लोकांना डोंगर चढून घरी परतायचं असतं, त्यामुळे दुपारनंतर गर्दी ओसरते. आणि फोटो काढण्याआधी हाताने खूण करून विचारा. मान हलवून नाही म्हणाल्या, तर कॅमेरा खाली ठेवा.