पिल्लं आणलीसच, तर ऐक

अगं, कुत्र्याची आईविना पिल्लं, एकदम चार? असो. आता पहिलं काम दूध नाही, ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. बाटलीत गरम पाणी भर, जुन्या साडीत गुंडाळ आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे उकडलं तर त्यांना सरकता येईल. गाईचं दूध नको, जुलाब लागतात. दवाखान्यातून पिल्लांची दूध पावडर आण. आणि पाजताना बाळासारखं उताणं धरू नकोस, पालथंच ठेव. नाहीतर दूध छातीत जातं. माझं पहिलं पिल्लू मी असंच घालवलं.

डोळे उघडेपर्यंत दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. दर वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खाली पुसायचं, तेव्हाच शी-शू होते. आई चाटते ना, तसं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन कर. वाढ थांबली की त्याच दिवशी डॉक्टर.

जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, पार्व्हो फार वाईट, उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग असतो तो.

महिन्याभरात दात फुटतील, मग चपला, झाडू, ओढणी, कशाचीच खैर नाही. फरशी पुसून कंबर मोडेल. पण तुझ्या मांडीवर झोपेत पाय झाडत एखादं स्वप्नात भुंकतं ना, तेव्हा हलावंसंही वाटत नाही.

देताना घर स्वतः बघून ये, नसबंदीचं कबूल करून घे. मादी पिल्लांना घर मिळायला वेळ लागतो, तेव्हा त्यांच्यासाठी आत्तापासूनच विचारायला लाग.